मूठभर मनुका : आयर्लंडच्या सोडा-पावाची कुळकथा

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. इतिहासाच्या नावाखाली हे गृहस्थ आता पाव भाजावयास शिकवणार की काय, अशी शंकाही मनात आली असेल. ती शंका अगदीच निराधार नाही. भाषणाच्या अखेरीस मी एका गोड पावाची कृती सांगणार आहे. परंतु त्याआधी त्या पावाची कुळकथा सांगावयाची आहे. तीत एका देशाची गरिबी आहे, एका भयंकर दुष्काळाची छाया आहे आणि देश सोडून गेलेल्या लक्षावधी माणसांची आठवण आहे. आपण, जे महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या घरे थाटून राहिलो आहोत, त्यांना ही कथा अगदीच परकी वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे.

माझी नात आयर्लंडमध्ये दोन वर्षे शिकून उन्हाळ्याच्या सुटीत घरी आली. दुसऱ्याच दिवशी तिने स्वयंपाकघरात जाऊन विचारले, "आजी, ताक आहे का गं? चांगलं आंबट हवं." नात आल्या आल्या कढी करणार म्हणून आजीला कौतुक वाटले. पण तिने परातीत मैदा घेतला, त्यात खाण्याचा सोडा, मीठ, थोडी साखर आणि मूठभर मनुका टाकल्या व ताक ओतले. मदत करावी म्हणून मीही परातीत हात घातला आणि पोळ्यांची कणीक तिंबतात तसा अर्धा गोळा तिंबू लागलो. "आजोबा, मळू नका हो, दगड होईल त्याचा!" असे ती ओरडली. पण वडीलधाऱ्यांनी लहानांचे ऐकावयाचे नसते, या जुन्या नियमास मी जागलो. तासाभराने भट्टीतून दोन पाव बाहेर आले. तिचा पाव वरून खरपूस आणि आतून लुसलुशीत झाला होता. माझा पाव जात्याच्या तळीला शोभला असता.

तो पाव खाताना ती एक वाक्य बोलून गेली. "आजोबा, तिकडे मी राहते त्या घरच्या बाई म्हणतात, हा खरा सोडा-पाव नव्हेच. साखर-मनुका घातल्या की तो अमेरिकेतला झाला." मी विचारले, "मग खरा कोणता?" तिला उत्तर देता आले नाही. मला तर मुळीच देता येत नव्हते. म्हणून मी पुस्तके काढून बसलो, आणि त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे मांडतो आहे.

मूळचा आयरिश सोडा-पाव चार जिनसांचा असतो : गव्हाचे पीठ, मीठ, खाण्याचा सोडा आणि ताक. यात खमीर नाही, तूप नाही, अंडे नाही. ताकातले आम्ल आणि सोडा एकमेकांस भेटले की कर्बवायूचे बुडबुडे सुटतात आणि त्यांनी पीठ फुगते. खमिराचा पाव फुगण्यास काही तास लागतात. येथे सारे काम काही क्षणांत सुरू होते. म्हणूनच हे पीठ भिजवले की लगेच भट्टीत जावे लागते, आणि म्हणूनच ते मळावयाचे नसते. मळल्याने गव्हातील चिकट द्रव्य ताणले जाऊन पाव चिवट होतो. खमिराच्या पावाला हाच चिवटपणा आधार देतो, सोडा-पावाला मात्र तो मारक ठरतो. माझा दगड का झाला, हे आपल्या ध्यानी आले असेलच.

गोव्यातील श्रोत्यांना येथे आपल्या पोदेराची आठवण होईल. पोर्तुगीजांनी खमिराचा पाव गोव्यात आणला, पण युरोपातले खमीर येथे कोठून मिळणार? तेव्हा माडाची सूर कामी आली. सुरेने आंबवलेला तो पाव गोव्याचा म्हणूनच ओळखला जाऊ लागला. माणसाला पाव हवा असतो, आणि तो फुगवण्यासाठी जे हाताशी असेल ते तो वापरतो. गोव्याच्या हाताशी माड होता. आयर्लंडच्या हाताशी ताक होते.

आता पहिला प्रश्न असा की, हा पाव प्राचीन आहे काय? आयर्लंडच्या सहलीची वर्णने वाचली तर तो जणू संत पॅट्रिकच्या काळापासून चुलीवर भाजला जात असावा, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. या पावाचे वय दोनशे वर्षांहून फारसे अधिक असणे शक्य नाही, कारण त्यातला सोडा त्याआधी गरिबाच्या घरी पोहोचण्याजोगा नव्हताच. जुन्या आयर्लंडचे अन्न म्हणजे ओट आणि सातूच्या तव्यावरच्या भाकऱ्या, लापशी, दूध, ताक आणि लोणी. पुढे दक्षिण अमेरिकेतून आलेला बटाटा तेथे असा रुजला की, गरिबाच्या ताटातून बाकीचे सारे पदार्थ त्याने हुसकून लावले. गव्हाचा पाव हे शहरातल्यांचे आणि सुखवस्तूंचे खाणे होते.

पण यात आयर्लंडला हसावे असे आपल्याकडे काय आहे? आपल्या उपवासाच्या ताटातला बटाटा, मिरची आणि शेंगदाणा ही तिन्ही मंडळी अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आलेली आहेत. तरीही एकादशीला त्यांचे सोवळे कोणी तपासत नाही. एखादा पदार्थ आजीने केला की तो प्राचीन ठरतो.

तर मग सोडा आला कोठून? पूर्वी सोडा मिळत असे तो समुद्रशैवालाच्या राखेतून किंवा स्पेनकडील खारट जमिनीत उगवणाऱ्या झुडपांच्या राखेतून. काच, साबण आणि कापडाचे विरंजन यांसाठी त्याची मोठी मागणी असे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील गरीब कुटुंबे लाटांनी फेकलेले शैवाल गोळा करीत, वाळवीत, जाळीत आणि त्याची राख विकून जमीनदाराचा खंड भागवीत. पुढे निकोला लब्लाँ या फ्रेंच वैद्याने साध्या मिठापासून सोडा बनवण्याची कृती शोधली आणि १७९१ साली तिचा हक्क नोंदवला. फ्रेंच राज्यक्रांतीत त्याचा कारखाना जप्त झाला. ठरलेले बक्षीस त्याला कधी मिळालेच नाही, आणि १८०६ साली त्याने स्वतःच्या हाताने जीवनाचा शेवट केला. त्याची कृती मात्र जगली.

ब्रिटनमध्ये ती फोफावण्यास एक अडथळा होता, तो म्हणजे मिठावरील जबर कर. हा कर १८२३ साली बहुतांशी उतरवला गेला व १८२५ साली पूर्ण रद्द झाला. येथे क्षणभर थांबून एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. इंग्रजांनी आपल्या देशी मिठावरचा कर १८२५ सालीच काढून टाकला, पण हिंदुस्थानात तो चालूच ठेवला. १९३० साली दांडीला आणि आपल्या कोकण किनाऱ्यावर शिरोड्याला माणसांनी सत्याग्रह केला तो याच करापायी. कर उतरताच १८२३ साली लिव्हरपूल येथे लब्लाँच्या कृतीने सोडा काढण्याचा मोठा कारखाना उभा राहिला. तो उभारणारा जेम्स मसप्रॅट हा डब्लिनमध्ये जन्मलेला आयरिश गृहस्थ होता.

कारखान्यातला सोडा स्वस्त झाला, तशी शैवालाच्या राखेची किंमत घसरली. त्या राखेतून पुढे आयोडीन काढले जाऊ लागले म्हणून तो धंदा अगदीच मेला नाही, पण सोड्यासाठी तिला विचारणारे उरले नाहीत. ज्या सोड्याने किनाऱ्यावरच्या गरिबाची मिळकत हिरावली, तोच सोडा काही वर्षांनी पुडीत बांधून त्याच्या स्वयंपाकघरात आला आणि त्याचा पाव फुगवू लागला. इतिहास एका हाताने घेतो आणि दुसऱ्या हाताने देतो, असे म्हणतात. मात्र घेतलेले आणि दिलेले सारख्याच मोलाचे असते, असे नाही.

सोडा-पावाचा पहिला छापील उल्लेख म्हणून सामान्यतः सांगितला जातो तो १८३६ सालचा आहे. लंडनच्या 'फार्मर्स मॅगझिन' या मासिकात आयर्लंडच्या डाउन परगण्यातील एका वृत्तपत्रावरून घेतलेली कृती छापली गेली. तीत गव्हाचे पीठ, सोडा, मीठ आणि आंबट ताक एवढेच आहे, आणि हा पाव पचनास फार हितकर असल्याची शिफारस आहे. डाउन हा उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातला परगणा, तागाच्या तलम कापडासाठी नावाजलेला. या कापडास पांढरेशुभ्र करण्याच्या जुन्या रीतीत ते आळीपाळीने क्षारात आणि आंबट ताकात भिजवीत असत. अठराव्या शतकाच्या मध्यानंतर ताकाची जागा सल्फ्यूरिक आम्लाने घेतली. ज्या मुलुखात क्षार आणि ताक ही जोडी पिढ्यान् पिढ्या कापडाच्या कामी येत होती, त्याच मुलुखातून त्या जोडीच्या पावाची पहिली कृती छापली जावी, हा निव्वळ योगायोगही असू शकेल. पण मला तो फार सूचक वाटतो.

सोडा-पाव आयर्लंडला मानवला, याची कारणे त्या भूमीतच होती. तेथली हवा थंड आणि ओलसर. अशा हवेत मऊ जातीचा गहू पिकतो. त्याच्या पिठात चिकटपणा कमी असल्यामुळे खमिराचा उंच पाव त्यापासून नीट होत नाही, सोड्याचा मात्र उत्तम होतो. घरोघरी गायी होत्या आणि लोणी काढल्यावर ताक उरतच असे. लोणी बहुधा बाजारात जाई आणि ताक घरात राही. गरिबाच्या झोपडीत भट्टी नव्हती, आणि जंगले तुटल्यामुळे लाकूडफाटाही फार नव्हता. तेथे दलदलीतून कापून वाळवलेले पीट जाळीत. त्याच्या मंद धगीवर तीन पायांचे जाड लोखंडी भांडे ठेवावयाचे, आत पिठाचा गोळा घालावयाचा, झाकण लावावयाचे आणि झाकणावर निखारे पसरावयाचे. या भांड्याला तेथे 'बॅस्टिबल' म्हणतात. वर आणि खाली विस्तव ठेवून भाजण्याची ही रीत आपल्या आज्यांना नवी नव्हती. कोकणातले धोंडस आणि गोव्याची बेबिंका याच रीतीने होत असे.

उत्तरेकडे हाच गोळा चपटा थापून, त्याचे चार तुकडे करून तव्यावर भाजतात. अशा तुकड्याला 'फार्ल' म्हणतात, आणि या शब्दाचा मूळ अर्थच चौथाई असा आहे. दक्षिणेकडच्या गोल पावावर सुरीने फुलीसारखी खोल चीर देतात. ही चीर म्हणजे क्रुसाचे चिन्ह, तिने पावाला आशीर्वाद मिळतो, असे कोणी सांगतात. पावातल्या पऱ्यांना बाहेर पडण्यास वाट ठेवावी लागते, असे दुसरे कोणी सांगतात. चीर दिल्याने उष्णता गाभ्यापर्यंत पोहोचते आणि पावाचे चार भाग सहज मोडता येतात, ही गोष्ट चुलीपाशी बसणारी कोणतीही बाई सांगेल. श्रद्धा आणि सोय यांचे भांडण असतेच असे नाही. पुष्कळदा दोघी एकाच सुरीने काम करतात.

परंतु हा पाव घरोघरचा झाला तो सुखाच्या काळात नव्हे. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर बुरशीसदृश जीवाचा एक रोग पडला. वरून हिरवे दिसणारे शेत काही दिवसांत काळे पडे आणि जमिनीखालचा बटाटा सडून चिखल होई. बटाट्यावरच जगणारे सुमारे ३० लाख लोक एकाएकी अन्नाविना उरले. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे १० लाख माणसे भुकेने आणि साथींनी मेली, आणि जवळजवळ तितकीच किंवा त्याहून अधिक देश सोडून गेली. १८४१ च्या शिरगणतीत ८१ लाख ७५ हजार असलेली लोकसंख्या १८५१ साली ६५ लाख ५० हजारांच्या आसपास आली. याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि लोणी इंग्लंडला जातच होते. बाजारात हात घालणे हे सरकारचे काम नव्हे, हा त्या काळच्या अर्थशास्त्राचा मंत्र होता.

त्या दुष्काळाचा आपल्याशी संबंध नाही, असे मात्र समजू नका. लंडनच्या खजिन्यातून मदतकार्याची सूत्रे हलवणारे चार्ल्स ट्रेव्हेलियन हे आधी हिंदुस्थानात नोकरी करून गेले होते, आणि पुढे १८५९ साली मद्रासचे गव्हर्नर म्हणून ते परत आले. दुष्काळपीडितांना फार मदत दिली तर ते आळशी होतात, ही त्यांच्यासारख्यांची विचारसरणी आपल्या दख्खननेही १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात अनुभवली. सर रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरील मजुरांचा रोजमुरा कमी केला, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला, हे आपणांस ठाऊकच आहे. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आयर्लंडच्या दुष्काळासाठी सातासमुद्रापलीकडून जे पहिले मोठे साहाय्य आले त्यांत कलकत्त्याचे होते. तेथे सुमारे १४ हजार पौंड जमले, आणि त्यात गोऱ्या शिपायांबरोबर एतद्देशीयांचाही वाटा होता.

दुष्काळानंतरचा आयर्लंड निराळा होता. बटाट्यावरचा विश्वास उडाला होता. अमेरिकेतून मका आला. त्याला तेथे 'इंडियन मील' म्हणत, पण त्यातला 'इंडियन' म्हणजे आपण नव्हे, अमेरिकेतला मूळ रहिवासी. हे भरड पिवळे पीठ लोकांना मुळीच रुचले नाही. पुढे जसजसा गहू स्वस्त होत गेला आणि दुकानदाराच्या फळीवर पिठाची पोती व सोड्याच्या पुड्या दिसू लागल्या, तसतसा सोडा-पाव खेडोपाडी पसरला. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडच्या लोकविद्या आयोगाने एक सुंदर उपक्रम केला. सुमारे ५ हजार शाळांतील ५० हजारांच्या आसपास मुलांना त्यांनी वह्या दिल्या आणि घरच्या वृद्धांकडून जुन्या गोष्टी लिहून आणावयास सांगितले. त्या विषयांत 'पूर्वीचा पाव' हाही एक विषय होता. ओटची भाकरी, किसलेल्या बटाट्याची 'बॉक्स्टी' आणि मक्याची भाकर यांच्या आठवणी त्या वह्यांत मुलांच्या अक्षरांत आजही जपल्या आहेत. इतिहासाचे शिक्षक म्हणून आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला त्या वह्यांचा हेवा वाटतो. आपण आपल्या मुलांना असे काही लिहावयास कधी सांगितले?

आता साखर-मनुकांकडे वळू. रोजचा पाव साधा असे. पण रविवार आला, पाहुणा आला किंवा कापणीच्या दिवसांत शेतावर माणसे राबत असली की घरची बाई पिठात मूठभर मनुका, चिमूटभर साखर आणि जमल्यास एक अंडे घाली. मनुका परदेशातून येत आणि त्यांना पैसे पडत, म्हणून मूठ ही मूठच असे. १८७४ साली ब्रिटनने साखरेवरील आयात कर रद्द केला, आणि गोडवा गरिबाच्याही थोडा आवाक्यात आला. या गोड पावाला आयरिश माणसाने फार गमतीची नावे ठेवली आहेत. पांढऱ्या पिठात काळे ठिपके, म्हणून कोठे तो 'स्पॉटेड डॉग', म्हणजे ठिपक्यांचा कुत्रा. कोठे तो 'रेल्वे केक', कारण एक मनुका सापडल्यावर दुसरी सापडेपर्यंत पुढचे स्टेशन येते! गरिबीचा विनोद असाच असतो. जे कमी आहे ते लपवण्याऐवजी तो त्यालाच नाव देतो.

अमेरिकेत गेलेल्यांच्या हाती मात्र निराळे दैव आले. बहुतेकांच्या वाट्याला तेथेही कष्टच होते, पण पीठ, लोणी, साखर आणि अंडी ही मायदेशापेक्षा तेथे सुलभ होती. बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या घरांतून मुठीच्या दोन मुठी झाल्या. लोणी आले, अंडी आली, शहाजिऱ्याच्या जातीचे कॅरवेचे दाणे आले. दरवर्षी १७ मार्चला, संत पॅट्रिकच्या दिवशी, हा गोड पाव दुकानांतून 'आयरिश सोडा-पाव' या नावाने मिरवू लागला. इकडे मायदेशी लोक कपाळाला हात लावून म्हणू लागले, हा आमचा पाव नव्हे, हा केक झाला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. सोडा-पाव म्हणजे त्यांच्या लेखी जेवणाबरोबरचा साधा पाव. १९६४ साली कॉर्क परगण्यातील बॅलीमलू येथे मर्टल अ‍ॅलन यांनी आपल्या घरातच खाणावळ सुरू केली, तेव्हा त्यांनी परगण्यातल्या साध्या घरगुती अन्नालाच मान दिला.

तर मग खरा पाव कोणता? नातीच्या त्या प्रश्नावर मी आज माझे मत देतो. चार जिनसांचा पाव हा खरा, यात शंका नाही. तो त्या भूमीने, त्या गव्हाने आणि त्या गरिबीने घडवला. पण गोड पाव खोटा, असे म्हणवत नाही. देश सोडून गेलेल्यांनी काही नवे शोधले नव्हते. त्यांनी आईच्या हातचा तो रविवारचा पाव आठवला, आणि आईला रोज जे घालावेसे वाटे पण घालता येत नसे, ते त्यांनी घातले. रोजच्या पावाची आठवण राहते कोणाला? आठवण राहते ती सणाची. म्हणून परदेशी गेलेल्याच्या ताटात मायदेशाचा सोमवार हरवतो आणि रविवार उरतो. त्यात थोडी अतिशयोक्ती होते, थोडा इतिहास पुसला जातो. ज्या गरिबीमुळे घर सोडावे लागले, तीच साखरेखाली झाकली जाते. तेवढे मात्र आपण विसरता कामा नये.

इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी घरांनी हे आपल्यापुरते अनुभवलेच आहे. वडोद्याच्या वरणात गूळ थोडा अधिक पडला, इंदूरच्या पोह्यांवर शेव आली, हैदराबादच्या स्वयंपाकात चिंच शिरली. पुण्याहून आलेला पाहुणा मिस्कीलपणे विचारतो, "हे आपले का?" आपण काय उत्तर देतो? उधार घेतलेल्या आणि बदललेल्या गोष्टी कशा आपल्या होतात, याचे उदाहरण तर बेळगावच्या श्रोत्यांच्या अंगणातच आहे. 'होमरूल' हा शब्द आयर्लंडचा. आयझॅक बटने १८७० साली त्या नावाची चळवळ उभारली. तोच शब्द घेऊन लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगाव येथे आपला होमरूल लीग स्थापन केला, आणि त्याच महिन्यात डब्लिनच्या रस्त्यांवर ईस्टरचा उठाव झाला. शब्द तिकडचा होता, पण त्यातली आस येथलीच होती. तेव्हा बेळगावात कोणी तो शब्द परका म्हणून टाकून दिला नाही.

आता दिलेले वचन पाळतो. ४५० ग्रॅम मैदा चाळून घ्यावा. आवडत असल्यास त्यातला चौथा हिस्सा कणीक घ्यावी. त्यात सपाट चमचाभर खाण्याचा सोडा आणि चमचाभर मीठ घालून पुन्हा चाळावे. सोडा अधिक झाला तर पाव पिवळट होतो आणि साबणासारखा लागतो, तेव्हा येथे हात आखडता ठेवावा. ५० ग्रॅम लोणी बोटांच्या टोकांनी पिठास चोळावे. दोन मोठे चमचे साखर, १०० ग्रॅम मनुका आणि हवे असल्यास अर्धा चमचा शहाजिरे घालावे. मध्ये खळगा करून सुमारे ३५० मिलीलिटर दाट आंबट ताक ओतावे. ताक फार पातळ नको, घुसळलेले दही चालेल. चिमूटभर सोडा टाकल्यावर ताक फसफसले तर ते कामाचे समजावे. बोटे पसरून हाताने गोल फिरवीत पीठ जेमतेम एकत्र आणावे आणि तेथेच थांबावे. गोळा उंचवट्यासारखा करून त्यावर खोल फुली द्यावी. आधीच तापवलेल्या भट्टीत २२० अंश सेल्सियसवर १५ मिनिटे आणि मग २०० अंशांवर आणखी २५ ते ३० मिनिटे भाजावे. भट्टी नसल्यास जाड बुडाचे झाकणाचे भांडे आधी तापवून घ्यावे आणि वर निखारे ठेवावेत. पाव उलटा करून बुडावर टिचकी मारली असता पोकळ आवाज आला, म्हणजे तो झाला. स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवल्यास वरचे कवच मऊ राहते. त्याच दिवशी, लोणी लावून, चहाबरोबर खावा.

दुसऱ्या वेळी मी नातीच्या सूचनेप्रमाणे पीठ मळले नाही. पाव चांगला झाला. त्यातला एक तुकडा तोडताना मी तिला म्हणालो, "तुझ्या त्या बाईंना सांग, आमच्याकडे हा रविवारी करतात." ती हसली आणि म्हणाली, "आणि सोमवारी, आजोबा?"

सोमवारी आम्ही साखर आणि मनुका न घालता तो पाव केला. तो साधा होता, किंचित खारट होता आणि पोट भरणारा होता. तो खाल्ल्यावर मला मनुकांची किंमत कळली. श्रोतेहो, आपणही दोन्ही करून पाहावेत, आणि शक्य तर साधा आधी करावा.